कोट्यवधींचं कोपर!

बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे फायनलचा, शेवटचा आउट पडला, शॅम्पेन उडाली, स्टेडियमचे दिवे मालवले... आणि अमेरिकेत दुसराच सामना सुरू झाला! मैदान नाही, बॅट नाही, बॉलही नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी चालणाऱ्या या ऑफसीझनच्या सामन्यात दोनच प्रश्न असतात. पिचर कुठून आणायचा? आणि त्याला किती मोजायचे?

क्रिकेटवाल्यांसाठी क्विक इन्ट्रो. पिचर म्हणजे बेसबॉलचा बोलर. सामना सुरू करतो तो स्टार्टर, मध्ये येतो तो रिलीव्हर, आघाडी राखून सामना खिशात घालतो तो क्लोजर. एकदा मनसोक्त बॉलिंग केली की स्टार्टरला चार-पाच दिवस सक्तीचा आराम. म्हणून टीमला एक नाही, पाच स्टार्टर लागतात. पाच! सगळे वाद इथूनच पेटतात.

माहीत आहे का, एका चेंडूचा भाव काय? न्यूयॉर्क यांकीजने डिसेंबर २०१९ मध्ये गेरिट कोलला ९ वर्षांसाठी ३२.४ कोटी डॉलर कबूल केले. म्हणजे वर्षाला ३.६ कोटी. सीझनमध्ये साधारण ३,००० चेंडू टाकले असं धरा. एक चेंडू, १२,००० डॉलर!

आणि गंमत ऐका. याच कोलला यांकीजने २००८ च्या ड्राफ्टमध्ये (क्लब पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो) पहिल्याच फेरीत निवडलं होतं. लहानपणापासून यांकीजचा फॅन असलेल्या या पोराने त्यांनाच ‘नो, थँक्स’ म्हटलं आणि तो कॉलेजात गेला. अकरा वर्षांनी त्याच दारातून आला, तो विक्रमी चेक घेऊन.

आता आयपीएलवाल्यांनी सीटबेल्ट बांधा. २०२५ च्या आयपीएलसाठी अख्ख्या टीमची पर्स होती १२० कोटी रुपये. पिचर आणि बॅटर दोन्ही असलेल्या शोहेई ओतानीचा लॉस एंजेलिस डॉजर्सशी झालेला करार १० वर्षांचा, ७० कोटी डॉलरचा. सरासरी काढली तर एका वर्षाचे सुमारे ६०० कोटी रुपये. एका माणसात पाच आयपीएल टीम!

पण थांबा, खरा धक्का पुढे आहे. या ७० कोटींपैकी ६८ कोटी ओतानीने ‘नंतर द्या’ म्हणून बाजूला ठेवले. खेळत असताना त्याला वर्षाला मिळतात फक्त २० लाख डॉलर. उरलेले २०३४ ते २०४३ या काळात, दर वर्षी ६.८ कोटी, बिनव्याजी. सुटलेल्या पैशांत टीमने आणखी पिचर आणावेत आणि आपण जिंकावं, एवढा साधा हिशोब. सही केली तेव्हा त्याच्या कोपरावर नुकतीच शस्त्रक्रिया झाली होती आणि २०२४ मध्ये तो एकही चेंडू टाकणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. मग त्याने त्या वर्षी काय केलं? ५४ होमरन (बेसबॉलचे सिक्सर) मारले आणि ५९ बेस चोरले, म्हणजे चेंडू न मारताच पळून पुढचा टप्पा गाठला!

पैसे वसूल झाले का? १७ ऑक्टोबर २०२५ ची रात्र बघा. मिलवॉकी ब्रुअर्सविरुद्ध ओतानीने सहा इनिंग एकही रन दिला नाही, दहा जणांना स्ट्राइकआउट केलं आणि त्याच सामन्यात स्वतः तीन होमरन ठोकले. एकाच तिकिटात दोन सिनेमे!

एकही चेंडू न टाकता ३२.५ कोटी

सर्वांत महागडा निव्वळ पिचर कोण, माहीत आहे का? जपानचा योशिनोबू यामामोतो. डिसेंबर २०२३ मध्ये डॉजर्सने त्याला १२ वर्षांसाठी ३२.५ कोटी डॉलर दिले. कोलपेक्षा बरोब्बर १० लाख जास्त. तोपर्यंत अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये त्याने टाकलेले चेंडू? शून्य.

टीव्हीवर तज्ज्ञांनी डोक्याला हात लावला होता. मग आली २०२५ ची वर्ल्ड सिरीज, डॉजर्स विरुद्ध टोरोंटो. दुसरा सामना यामामोतोने एकट्याने पूर्ण टाकला आणि जिंकला. सहाव्यात ९६ चेंडू टाकून जिंकला. दुसऱ्याच दिवशी, जेव्हा पिचर हात बर्फात बुडवून बसतात तेव्हा, सातव्या सामन्यात पुन्हा उतरला, शेवटचे आठ आउट मिळवले आणि तोही जिंकला! टोरोंटोचं स्टेडियम सुन्न. एका सिरीजमध्ये तीन विजय आणि एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू). महाग पिचर नकोच म्हणणाऱ्यांनी हा आठवडा पुन्हा पुन्हा बघावा.

आता त्याच सिरीजची दुसरी बाजू. तिसरा सामना तब्बल १८ इनिंग चालला. डॉजर्सचे पिचर संपत आले. शेवटी बोलावलं विल क्लाइनला. मोठ्या करारांच्या यादीत या गड्याचं नाव कुठेच नव्हतं. त्याने चार इनिंग, ७२ चेंडू, एकही रन न देता टाकले आणि डॉजर्सच्याच फ्रेडी फ्रीमनच्या होमरनने सामना संपला. तिकडे यामामोतो एकोणिसाव्या इनिंगची तयारी म्हणून वॉर्मअप करत होता. चॅम्पियनशिपला दोन्ही हात लागतात राव, कोटींचाही आणि अनोळखीही.

जपानवरून आठवलं. आपण आहेराच्या पाकिटात ५१ किंवा १०१ घालतो ना? नोव्हेंबर २००६ मध्ये बॉस्टन रेड सॉक्सने पिचर दाइसुके मात्सुझाकासाठी लावलेली बोली होती ५,११,११,१११ डॉलर आणि ११ सेंट! हा त्याचा पगार नव्हे हं. त्याच्याशी फक्त बोलायला बसण्यासाठी त्याच्या जपानी क्लबला दिलेली ही रक्कम. पगाराचे ५.२ कोटी वेगळे. शकुन मात्र फळला. पुढच्याच वर्षी बॉस्टनने वर्ल्ड सिरीज जिंकली.

आणि जपानचाच पिचर रोकी सासाकी? जानेवारी २०२५ मध्ये तोही डॉजर्समध्ये आला, पण फक्त ६५ लाख डॉलर बोनसवर. कारण वय २३! परदेशातून पंचविशीच्या आत आलात तर नियमानुसार कोटींचं दार बंद. थोडं थांबला असता तर कितीतरी पट मिळाले असते. थांबला नाही.

अंगठा आणि करंगळी जुळवा बघू!

हे एवढे पैसे ज्या सांध्यावर लागतात, तो किती नाजूक असतो? शोएब अख्तरचा २००३ च्या वर्ल्ड कपमधला चेंडू ताशी १६१.३ किलोमीटरचा. बेसबॉलमध्ये अरोल्डिस चॅपमनने २०१० मध्ये गाठलेला वेग ताशी १७० किलोमीटरच्या वर. आणि रनअप? नाहीच! एका जागी उभं राहून, कोपर पूर्ण वाकवून सोडलेला चेंडू. बॅटरकडे विचार करायला अर्धा सेकंदही नसतो. सगळा ताण येतो कोपराच्या आतल्या एका छोट्या लिगामेंटवर. तो तुटला की पूर्वी करिअर संपायचं.

२५ सप्टेंबर १९७४ ला डॉ. फ्रँक जोब यांनी डॉजर्सचा डावखुरा पिचर टॉमी जॉनच्या उजव्या हातातला टेंडन काढून डाव्या कोपरात बसवला. असं याआधी कुणी केलंच नव्हतं. यशाची शक्यता शंभरात एक, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. टॉमी परतला आणि त्यानंतर आणखी १६४ सामने जिंकला. एकूण २८८ विजयांपैकी निम्म्याहून जास्त ‘रिपेअर’ केलेल्या हाताचे! आज त्या शस्त्रक्रियेलाच ‘टॉमी जॉन’ म्हणतात.

आता एक प्रयोग करा. अंगठा आणि करंगळीची टोकं जुळवा, मनगट किंचित आत वाकवा. मनगटाच्या मधोमध दोरीसारखं काही उठलं? तो पाल्मारिस लाँगसचा टेंडन. बहुतेक वेळा हाच काढून कोपरात बसवतात. आणि काही लोकांच्या हातात तो जन्मतःच नसतो. तरी त्यांचं काही अडत नाही!

पण कोपर दुरुस्त झालं तरी नशीब दर वेळी साथ देतंच असं नाही. स्टीफन स्ट्रासबर्ग २०१९ च्या वर्ल्ड सिरीजचा एमव्हीपी. वॉशिंग्टन नॅशनल्सने लगेच ७ वर्षांचे २४.५ कोटी डॉलर दिले. त्या करारात तो खेळू शकला फक्त आठ सामने. विजय एक. बेसबॉलचे बहुतेक करार गॅरंटीड असतात, म्हणजे शरीराने साथ सोडली तरी क्लबला पैसे द्यावेच लागतात. या माणसाने किती सोसलं असेल याचा विचार केला की आकडे फिके पडतात.

क्लोजर एडविन डिआझची कथा तर डोळे विस्फारायला लावते. नोव्हेंबर २०२२ मध्ये न्यूयॉर्क मेट्सशी १०.२ कोटींचा करार. मार्च २०२३ मध्ये वर्ल्ड बेसबॉल क्लासिकमध्ये पोर्तो रिकोला जिंकून दिलं, सगळे उड्या मारायला लागले आणि त्या जल्लोषातच गुडघा गेला. पूर्ण सीझन बाहेर!

आणि गिल मेश! कॅन्सस सिटी रॉयल्सच्या या पिचरचा खांदा गेला होता. कराराच्या शेवटच्या वर्षाचे १.२ कोटी डॉलर घरबसल्या मिळणार होते. जानेवारी २०११ मध्ये तो रिटायर झाला आणि सगळे सोडून दिले. न खेळता पगार घेणं त्याला पटेना. सलाम!

फ्री एजंट झाले कसे?

१९६६ मध्ये सँडी कोफॅक्स आणि डॉन ड्रायस्डेल या डॉजर्सच्या दोन हिऱ्यांनी मिळून ठरवलं, पगार वाढवा नाहीतर आम्ही खेळत नाही. दोघांनी चक्क सिनेमात काम करायची तयारी केली होती! शेवटी कोफॅक्सला सव्वा लाख डॉलर मिळाले, ड्रायस्डेलला १ लाख १० हजार. तेव्हा खेळाडू क्लबला कायमचा बांधलेला असे, सोडून जायची सोयच नव्हती.

ही बेडी कुणी तोडली, माहीत आहे का? दोन पिचरनीच! अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली. २३ डिसेंबर १९७५ ला लवाद पीटर साइट्झ यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. मालकांनी साइट्झना लगोलग काढून टाकलं. पण करार संपला की खेळाडू मोकळा, म्हणजेच फ्री एजंट, हे दार उघडलं ते उघडलंच. १९७९ मध्ये नोलन रायन वर्षाला १० लाख डॉलर घेणारा पहिला खेळाडू झाला. पिचर! १९९८ मध्ये १० कोटी डॉलरचा आकडा ओलांडणारा पहिला करार केव्हिन ब्राउनचा. पुन्हा पिचर! त्यात कुटुंबासाठी खासगी विमानाच्या १२ फेऱ्या फ्री.

आजही दार उघडतं ते सहा वर्षं सेवा झाल्यावरच. तोपर्यंत काय? पिट्सबर्गचा पॉल स्कीन्स बघा. २०२५ मध्ये सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार एकमताने. पगार? ८ लाख ७५ हजार डॉलर. मेट्सच्या ह्वान सोतो या बॅटरला १५ वर्षांचे ७६.५ कोटी मिळालेत, सरासरी काढली तर तो तीन सामन्यांत याहून जास्त कमावतो. हे मला अजिबात पटत नाही. जो आज सामने जिंकून देतोय, त्याने सहा वर्षं का थांबायचं?

मधल्या वर्षांत लवाद असतो आणि त्याचा नियम भन्नाट आहे. क्लब एक आकडा सांगणार, खेळाडू एक. लवादाने दोनपैकी एकच निवडायचा, मधला नाही! २०२३ मध्ये कॉर्बिन बर्न्स आणि ब्रुअर्समध्ये फरक होता जेमतेम ७ लाख ४० हजार डॉलरचा. क्लब जिंकला, पण सुनावणीत आपल्याच पिचरच्या उणिवा मोजून दाखवल्या गेल्या. बर्न्स दुखावला आणि तसं उघड बोलला. वर्षभरात तो दुसऱ्या टीममध्ये आणि डिसेंबर २०२४ मध्ये ॲरिझोनाने त्याला २१ कोटी दिले. जून २०२५ मध्ये कोपर गेलं. टॉमी जॉन!

सर्वांत धमाल तारीख १ जुलै. त्या दिवशी मेट्स निवृत्त बॉबी बोनियाला ११,९३,२४८ डॉलर २० सेंट देतात. २०११ पासून दर वर्षी, थेट २०३५ पर्यंत! २००० मध्ये त्याचे ५९ लाख द्यायचे होते, ते ८ टक्के व्याजाने पुढे ढकलले. सगळे या करारावर हसतात, पण त्याच हिवाळ्यात मेट्सने माइक हॅम्प्टन हा पिचर आणला आणि त्याच्या जोरावर २००० ची वर्ल्ड सिरीज गाठली. हॅम्प्टन सोडून गेला, तर भरपाईत मिळालेल्या ड्राफ्ट निवडीतून आला डेव्हिड राइट, पुढे मेट्सचा कॅप्टन. सौदा वाईट कसा म्हणायचा?

देसी कनेक्शन? आहे ना! २००८ मध्ये ‘मिलियन डॉलर आर्म’ स्पर्धेतून उत्तर प्रदेशचे भालाफेकपटू रिंकू सिंग आणि दिनेश पटेल निवडले गेले आणि पिट्सबर्ग पायरेट्सने दोघांना करारबद्ध केलं. बेसबॉल कधी न खेळलेली पोरं! रिंकू पुढे डब्ल्यूडब्ल्यूईच्या रिंगणात उतरला. आणि दुबईच्या बेसबॉल युनायटेड लीगमध्ये चक्क ‘मुंबई कोब्राज’ नावाची टीम आहे.

मग पैसे कुठे लावायचे? २०२५ मध्ये मेट्सकडे सोतो होता, जूनच्या मध्यापर्यंत टीम टॉपला होती. मग पिचिंग कोसळलं आणि ८३-७९ वर थांबलेली टीम शेवटच्या दिवशी प्लेऑफमधून बाहेर. तिकडे ब्रुअर्सने कमी पगाराच्या तरुण पिचरवर ९७ सामने जिंकले, लीगमध्ये सर्वाधिक. माझा कौल स्पष्ट आहे : एक यामामोतो विकत घ्या, बाकीचे चार घरी घडवा.

अमेरिकेच्या चार मोठ्या लीगमध्ये सॅलरी कॅप (टीमच्या एकूण पगाराची सक्तीची मर्यादा) नसलेली बेसबॉलची मेजर लीग ही एकमेव. ठरावीक आकड्यापेक्षा जास्त पगार वाटले की फक्त टॅक्स लागतो. २०२४ मध्ये डॉजर्सने तो १०.३ कोटी डॉलर भरला आणि ट्रॉफीही नेली! आता काही मालकांना कॅप हवी आहे, खेळाडू संघटना ठाम विरोधात आहे. याच वादात १९९४ ची वर्ल्ड सिरीज रद्द झाली होती. सध्याच्या सामूहिक कराराची मुदत १ डिसेंबर २०२६ पर्यंत. मोबाइलमध्ये रिमाइंडर लावा आणि आपली बाजू आत्ताच ठरवा!