बरे वाटले म्हणून टीबीच्या गोळ्या थांबवू नका

वस्तीत फिरताना आम्ही नेहमी ऐकतो, "खोकला गेला, आता गोळ्या कशाला?" याचे उत्तर फुफ्फुसाच्या आत आहे. अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठात टीबी झालेल्या माकडांना किंचित किरणोत्सारी साखर टोचून पेट-सीटी स्कॅन करतात. जिथे दाह असतो तिथे ही साखर साठते आणि गाठ उजळून दिसते. तेच माकड पुन्हा पुन्हा तपासता येते. २०१४ साली तिथल्या संशोधकांनी दाखवले की, औषधाविना एकाच माकडातील काही गाठी जंतुमुक्त होतात, तर काहींत जंतू जिवंतच राहतात. म्हणजे प्रत्येक गाठीची लढाई वेगळी.

म्हणून बंधू-भगिनींनो, दोन आठवडे खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या. औषध मोफत मिळते. डॉक्टर थांबवेपर्यंत एकही गोळी चुकवू नका.