समान अंतर: आकडे आणि आज्ञा

कोरेगाव भीमा–सणसवाडी पट्ट्यात, पुणे–अहिल्यानगर रस्त्यालगत, कारखान्यांच्या शेड ओळीने उभ्या आहेत. अशा शेडच्या आराखड्यात खांब समान अंतरावर बसवणे हे पहिले काम.

गाळे आणि खांब: ६० मीटर लांबी, ६ मीटरचा गाळा (दोन खांबांमधले अंतर). गाळे १०, खांब ११. या एकाच्या फरकातच अनेकदा चूक होते.

हेच समान अंतर आरेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये असे पाडतात.

ऑटोकॅड (पहिली आवृत्ती १९८२): ‘डिव्हाइड’ ही आज्ञा रेषेचे समान भाग पाडते. रेषा तुटत नाही, फक्त बिंदू उमटतात: १० भागांना ९, टोके वगळून. बिंदू दिसत नसतील तर ‘पीटाइप’ने त्यांचे रूप बदलावे. ‘मेझर’ ठरावीक अंतराने खुणा करते. उरलेला तुकडा शेवटी राहतो.

स्केचअप (२०००): पहिल्या खांबाची प्रत शेवटच्या जागी न्यावी, लगेच ‘/१०’ टंकावे. मधले नऊ खांब आपोआप येतात.

रेव्हिट (२०००, २००२पासून ऑटोकॅडच्याच ऑटोडेस्क कंपनीकडे): सलग मापरेषेवरील ‘ईक्यू’ दाबले की अंतरे समान होतात आणि बांधली जातात. टोकाची भिंत सरकवली तर मधल्याही सरकतात.

मध्य ते मध्य की मोकळी फट? खांबांना पहिले माप, कठड्याच्या गजांना दुसरे. भिंतींमध्ये २,४२० मिमी जागा, १६ मिमीचे २० गज. गजांची जाडी ३२० मिमी वजा केली की उरतात २,१००. फटी २१, प्रत्येकी १०० मिमी. इथे २१ऐवजी २०ने भागले, तर शेवटचा गज भिंतीला चिकटतो, शेवटच्या फटीला जागाच उरत नाही.