आठ मोटारींएवढी एक बैलगाडी

छत्रपती संभाजीनगरहून फुलंब्री आणि सिल्लोड मागे टाकत अजिंठ्याकडे निघालात, तर वर्षातल्या काही ठरावीक दिवशी रस्त्याकडेला एखादी छोटी राहुटी दिसू शकते. आत खुर्चीवर बसलेला माणूस, त्याच्या मांडीवर पुठ्ठा आणि पुठ्ठ्यावर रकाने आखलेला कागद. ट्रक गेला की एका रकान्यात उभी रेघ, एसटी गेली की दुसऱ्यात. चार उभ्या रेघा झाल्या की पाचवी त्यांना तिरपी छेदून जाते. तास संपला की नवी ओळ. आठ तासांनी पाळी बदलते, दुसरा माणूस येतो, पण रेघा थांबत नाहीत. रात्री अडीच वाजताही नाहीत.

सार्वजनिक बांधकाम खात्याची ही वाहतूक गणना. शेजारून भुर्रकन जाताना आपल्याला हे काम कंटाळवाणं वाटतं. पण रस्ता किती रुंद हवा, डांबराचा थर किती जाड हवा, नाक्यावर वळणाला किती जागा सोडायची, या प्रश्नांची उत्तरं त्याच कागदापासून सुरू होतात. उभ्या-तिरप्या रेघांतून रस्त्याची जाडी कशी निघते? चला, त्या कागदाच्या मागे मागे जाऊ.

पहिलं नवल वेळेचं. इंडियन रोड्स काँग्रेसने १९७२ साली घालून दिलेली पद्धत अशी: गणना सलग सात दिवस, दिवसाचे चोवीस तास आणि वर्षातून निदान दोन वेळा. एकदा सुगीच्या दिवसांत, शेतमाल बाजाराला निघतो तेव्हा, आणि एकदा मंदीच्या काळात. म्हणजे झाले चौदा दिवस. उरलेले ३५१ दिवस मोजणारा तिथे नसतो. तरी या चौदा दिवसांवरून वर्षभराच्या सरासरी दिवसाला किती वाहनं धावतात हे काढलं जातं. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात तीच ही.

पण शितावरून भात कळतो तो पातेल्यात सगळीकडे सारखा शिजतो म्हणून. रस्ता असा सारखा कुठे शिजलेला असतो? आणि हे अजिंठ्याइतकं स्वच्छ क्वचितच कुठे दिसेल, कारण अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात! सोमवारी लेण्यांच्या फाट्यावर, फर्दापूरजवळ बसून मोजा. सहलीच्या बस नाहीत, पर्यटकांच्या गाड्या जवळपास नाहीत. कागद वाचणाऱ्याला शंकाही येणार नाही की इथे जगप्रसिद्ध लेणी आहेत. रविवारी मोजा, तर हा रस्ता जणू सहलींसाठीच बांधलाय असं वाटेल. दोन्ही कागद प्रामाणिक आणि दोन्ही फसवे. मग यातून सुटका कशी करायची?

सात दिवसांनी! मोजणी बुधवारी सुरू करा की शनिवारी, सलग सात दिवसांत सोमवार एकदा येणारच आणि एकदाच येणार. रविवारही तसाच. सहा दिवस मोजलं तर एक वार निसटतो, आठ दिवस मोजलं तर एक वार दोनदा येऊन सरासरी आपल्याकडे ओढतो. सात या आकड्यात कुठलंही अवघड गणित नाही, तरी आठवड्याचा सगळा लहरीपणा त्याने एका झटक्यात पुसला जातो. चोवीस तासांचं कारणही असंच. दिवसा मोजून घरी गेलेल्याला मालट्रक कमी दिसतात, कारण त्यांतले कितीतरी रात्रीच अजिंठ्याचा घाट उतरतात.

आता कागद भरला. मोटारसायकली इतक्या, ट्रक इतके, ट्रॅक्टर-ट्रॉल्या इतक्या. यांची बेरीज करायची कशी? लुना आणि कंटेनर दोघांनाही एक-एकच धरायचं? इथे अभियंत्यांनी एक सुंदर चलन शोधून काढलंय. रुपयात जसं दूधही मोजता येतं आणि जमीनही, तसं रस्त्यावर सगळं मोटारींमध्ये मोजायचं. या चलनाचं नाव पॅसेंजर कार युनिट, खात्याच्या भाषेत पीसीयू. ग्रामीण भागातल्या रस्त्यांसाठी १९९० साली ठरलेला भाव असा: मोटार आणि रिक्षा १, मोटारसायकल अर्धी, बस किंवा ट्रक ३, ट्रॅक्टर-ट्रॉली साडेचार, घोडागाडी ४. आणि बैलगाडी? तब्बल ८!

चकित झालात ना? ट्रकपेक्षा बैलगाडी मोठी कशी? पण हा भाव आकाराचा नाहीच, तो अडवणुकीचा आहे. एक वाहन रस्त्यावर असल्यामुळे बाकीच्यांचा किती रस्ता खर्ची पडतो, हे तो सांगतो. सरकीची पोती घेऊन संथ चाललेल्या गाडीच्या मागे किती गाड्या साचतात, ओव्हरटेकसाठी समोरची बाजू किती वेळ मोकळी मिळावी लागते, ते सगळं या आठमध्ये आलं. गाडी लहान असेल तर सहा धरा, अशी सूचनाही तिथे आहे. युरोप-अमेरिकेतल्या कोष्टकांत बैलगाडीचा रकाना कोण कशाला ठेवील? आपल्या रस्त्यांसाठी आपल्यालाच बसून विचार करावा लागला, आणि तो किती बारकाईने केला गेला!

हा विचार करणाऱ्या संस्थेच्या मुळाशी एक मराठी नाव आहे. १९२७ साली देशातल्या रस्त्यांची स्थिती तपासायला एक समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले तेच. समितीने पेट्रोलवर जादा कर लावून रस्त्यांसाठी निधी उभारायला सांगितलं आणि रस्ते बांधणाऱ्या तज्ज्ञांनी एकत्र बसून अनुभव मांडावेत असंही सुचवलं. त्यातूनच १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस जन्माला आली. १९४३ साली देशभरचे मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, जिल्हा मार्ग, गावरस्ते ही उतरंड ठरली. अजिंठा तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. आज तिथून जाणारा रस्ता त्याच उतरंडीच्या वरच्या पायरीवर, राष्ट्रीय महामार्ग म्हणून उभा आहे.

आता घाटाकडे या. अजिंठा गाव पठाराच्या काठावर वसलंय. तिथून रस्ता उतरतो तो खाली फर्दापूरला, आणि पुढे खानदेश लागतो. मराठवाडा आणि खानदेश यांना जोडणारी ही जुनी वाट. फर्दापूरची जुनी सराई पाहिली की इथून किती काळ माणसं आणि माल जात आले असतील ते जाणवतं. पण अभियंत्याला याच उतारावर वेगळंच काही दिसतं. दोन पदरी रस्ता सपाटीवर, फारशी वळणं नसतील तर, दिवसाला १५,००० पीसीयू नीट पेलतो असं रोड्स काँग्रेसचं मार्गदर्शन सांगतं. डोंगराळ भागात तेवढाच रुंद रस्ता ७,००० पेलतो, आणि वळणं फार असली तर फक्त ५,०००. रुंदीत एका इंचाचाही फरक नाही, डांबर तेच, आणि क्षमता मात्र एक तृतीयांश! पठारावर मोकळा वाटणारा रस्ता घाटाच्या तोंडाशी का तुंबतो, याचं उत्तर गाड्यांच्या संख्येत सापडत नाही, ते उतारात आणि वळणांत सापडतं. म्हणून गणनेची जागा निवडणं हीसुद्धा एक कला आहे.

माणसाऐवजी यंत्रं बसवली तर? बसवतातच. रस्त्यावर आडवी टाकलेली रबरी नळी चाकाखाली दबली की हवेचा झटका टोकाच्या यंत्रापर्यंत पोहोचतो आणि एक अ‍ॅक्सल मोजला जातो. रस्त्यात चर पाडून पुरलेलं तारेचं वेटोळं त्याहून अद्भुत. तारेतून उलटसुलट दिशांनी वीज वाहत असते. वर मोटार आली की तिच्या पत्र्यात, कशाचाही स्पर्श न होता, विजेचे छोटे भोवरे उठतात. त्यांच्यामुळे वेटोळ्याचा विद्युतगुण किंचित घटतो, विजेच्या कंपनाची गती वाढते आणि यंत्राला कळतं की वर कोणीतरी आहे. वजनाचा इथे काही संबंधच नाही! चार मीटर अंतरावर अशी दोन वेटोळी पुरा. मोटारीने ते अंतर ०.२ सेकंदात कापलं तर तिचा वेग ताशी ७२ किलोमीटर. पण पदराची शिस्त न पाळता दोन वेटोळ्यांच्या मधून निसटणाऱ्या मोटारसायकलीपुढे हे यंत्र हतबल होतं. म्हणून कॅमेरे आले, तरी माझ्या मते राहुटीतला जाणता डोळा अजून हरलेला नाही.

वेगावरून आठवलं. घाटातून एक मोटार ताशी ६० किलोमीटरने आणि एक भरलेला ट्रक ताशी २० ने गेला. सरासरी वेग किती? ४०, असंच म्हणाल. पण सहा किलोमीटरचं अंतर धरा: मोटारीला सहा मिनिटं, ट्रकला अठरा. दोघांनी मिळून बारा किलोमीटर कापले चोवीस मिनिटांत, म्हणजे ताशी ३०! रस्त्याकडेला उभं राहून काढलेली सरासरी एक आणि प्रवाशाच्या घड्याळातली दुसरी. वाहनांचे वेग वेगवेगळे असले की पहिली नेहमी जास्तच येते. वॉर्ड्रॉप या इंग्रज संशोधकाने १९५२ साली या दोन सरासरींचं नातं सूत्रात बसवलं. वाहतुकीचा कुठलाही आकडा हाती आला की आधी विचारावं: हा उभ्याने मोजलाय की प्रवास करून?

फर्दापूरच्या टी-पॉईंटला तर मोजणाऱ्याचं नशीबच उघडतं. खासगी गाड्या इथेच थांबतात आणि पुढचे चार किलोमीटर एसटीच्या बसने जावं लागतं. धूर चित्रांपासून लांब राहावा म्हणून ही व्यवस्था. म्हणजे वाहनतळात शिरलेली प्रत्येक गाडी त्याच फाट्यावरून परत निघणार. आत गेलेल्यांतून बाहेर आलेल्या वजा करा, की वाहनतळात पाऊलही न टाकता तिथे या क्षणी किती गाड्या उभ्या आहेत ते कळतं. लोक येतात विखरून, कोणी नऊला, कोणी दुपारी. पण लेणी बंद व्हायची वेळ सगळ्यांना एकच, त्यामुळे परतीची गर्दी दाटते.

आतापर्यंत प्रश्न रुंदीचा होता. जाडीचा प्रश्न आला की तोच कागद भलतंच बोलायला लागतो. अमेरिकेतल्या इलिनॉयमध्ये, ओटावा नावाच्या गावाजवळ, १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या, गोल वळसे घालणाऱ्या रस्त्यांवर लष्कराच्या चालकांनी ट्रक फिरवले. फिरवले म्हणजे किती? ११ लाखांहून अधिक अ‍ॅक्सल एकाच जागेवरून जाईपर्यंत! त्यातून निघालेला नियम थक्क करतो: रस्त्याची झीज भाराच्या सुमारे चौथ्या घाताने वाढते. भार दुप्पट झाला तर झीज सोळापट. अ‍ॅक्सलवरचा भार फक्त पाचव्या हिश्शाने वाढवा, झीज दुपटीहून थोडी जास्तच! प्रमाण म्हणून धरलेला अ‍ॅक्सलभार ८.१६ टनांचा, लहान मोटारीच्या एका अ‍ॅक्सलवर साधारण ०.६ टन. हिशेब मांडून बघा: त्या एका अ‍ॅक्सलची झीज मोटारीच्या सुमारे ३४ हजार अ‍ॅक्सलएवढी येते.

म्हणून आपल्या देशात डांबराची जाडी ठरवताना ३ टनांहून हलकी वाहनं हिशेबातूनच बाद होतात. रुंदीच्या बेरजेत ज्या मोटारसायकलींनी पान भरून टाकलं होतं, त्या जाडीच्या बेरजेत शून्य. कागद एकच, रेघा त्याच. एक प्रश्न विचारला तर दुचाकी आणि बैलगाडी पुढे येतात, दुसरा विचारला तर फक्त लादलेले ट्रक उरतात. त्यात दरवर्षीची वाढ धरायची. ती ५ टक्के मानली, तर साधारण १४ वर्षांत सगळं दुप्पट होतं. आज बांधलेला थर त्या वाढलेल्या ट्रकांनाही पुरायला हवा.

शेवटचा पेच गर्दीचा. वर्षात ८,७६० तास असतात. दिवाळीच्या सुट्टीत आणि नाताळच्या आठवड्यात या रस्त्यावर जी रीघ लागते, ती पेलेल एवढा रस्ता बांधायचा का? वर्षाचे सगळे तास गर्दीच्या उतरत्या क्रमाने मांडून पाहिले, तर सुरुवातीचे थोडे तास कड्यासारखे उंच दिसतात. मग रेषा झपाट्याने उतरते आणि ग्रामीण रस्त्यांवर पुष्कळदा तिसाव्या तासाच्या आसपास सपाट होऊ लागते. त्या वळणाच्या डावीकडे एकेका तासाची सोय करायला खर्च भरमसाट लागतो आणि उजवीकडे वाचणारा पैसा किरकोळ असतो. म्हणून आराखड्यासाठी वर्षातला तिसाव्या क्रमांकाच्या गर्दीचा तास धरण्याची रीत पडली. त्याच्या वरचे एकोणतीस तास खोळंबा होणार, हे रस्ता बांधण्याआधीच हिशेबात मान्य केलेलं असतं, आणि त्यांच्या बदल्यात उरलेले ८,७३१ तास रस्ता वाहता राहतो.