एका मिलिव्होल्टची रेघ

आयसीयूतल्या मॉनिटरवर सगळ्यात वर पळणारी ती रेघ नातेवाइकांना दोन दिवसांत पाठ होते. पण ती उमटते कशावर? हृदयाच्या ठोक्याची जी वीज छातीच्या त्वचेपर्यंत पोचते, ती जेमतेम १ मिलिव्होल्ट. रिमोटमधला साधा पेन्सिल सेल याच्या दीड हजार पट असतो!

एवढीशी वीज टिपण्यासाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नेदरलँड्समधल्या लायडनला विलेम आइंटहोव्हन यांनी बनवलेल्या यंत्राचं वजन होतं सुमारे २७० किलो. पेशंटने दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसायचं. आइंटहोव्हन यांना १९२४ चं नोबेल मिळालं आणि लाटांना त्यांनी दिलेली पी, क्यू, आर, एस, टी ही नावं आजही चालतात. पी म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांत पसरणारी वीज. मग दशांश सेकंदाचा मुक्काम, म्हणजे खालचे कप्पे नीट भरतात. त्यानंतरचा उंच, टोकदार क्यूआरएस खालच्या कप्प्यांचा आणि टी म्हणजे पुढच्या ठोक्याची तयारी.

आज छातीवर पाच चिकट इलेक्ट्रोड लावले की काम होतं. पण अंगावर भिंतीतल्या वायरिंगची ५० हर्ट्झची वीजही उतरलेली असते. हृदयाचा ठोका टिपणं म्हणजे वरातीच्या बँडसमोर उभं राहून कुजबुज ऐकणं. त्यावरची युक्ती भन्नाट आहे. चार इलेक्ट्रोड ऐकतात, पाचवा बोलतो. सगळ्यांकडे सारखीच येणारी खरखर यंत्र उलटी करतं आणि पाचव्या वायरने अंगात परत सोडतं. खरखरीने खरखर बरीचशी मरते.

मग मोजणी. यंत्र उंचीपेक्षा चढ किती उभा आहे ते पाहतं, कारण क्यूआरएसइतकी झपकन चढणारी लाट ठोक्यात दुसरी नसते. तरीही फसगत होते. रक्तात पोटॅशियम वाढलं की टी लाट उंच आणि टोकदार होते. यंत्र कधी तिलाही ठोका समजतं आणि ७० च्या जागी १४० दाखवतं. पेशंट दात घासत असेल तर रेघेवर चक्क जीवघेणी लय उमटल्यासारखी दिसते. सिस्टर अशा वेळी आधी पेशंटकडे बघतात, मग बोटाच्या क्लिपची लाट बघतात. ती संथ, एकसारखी चालू असेल तर रक्त नीट वाहतंय.

सगळ्यात गमतीची गोष्ट रेघेच्या स्वच्छपणात आहे. श्वासाबरोबर रेघ वरखाली डोलू नये म्हणून मॉनिटर साधारण अर्ध्या हर्ट्झच्या खालचं सगळं गाळून टाकतो. लय वाचायला ते उत्तम. पण एस आणि टी यांच्यामधला जो सपाट भाग हार्ट अटॅकमध्ये उचलला किंवा दबला जातो, तो याच संथ लहरींवर उभा असतो. गाळणीत त्याचा आकार बिघडू शकतो. निदानासाठीच्या ईसीजीत ही सीमा ०.०५ हर्ट्झपर्यंत खाली नेतात. म्हणून पेशंट ‘छातीत दुखतंय’ म्हणाला, की पडद्यावर रेघ कितीही देखणी असो, बारा लीडचं ईसीजी मशीन ढकलत आणलं जातं.