ध्येय कुठं अडतं? परभणीच्या भेंडीची गोष्ट

माणसं ध्येय गाठतात किंवा गाठू शकत नाहीत, ते कशामुळे, हा आजचा विषय. यावर बोलायची एक ठरलेली रीत आहे. दोन थोरांची चरित्रं सांगायची, 'जिद्द ठेवा' म्हणायचं आणि टाळ्या घ्यायच्या. मी आज आपल्या परभणीतल्या एका भाजीची गोष्ट सांगणार आहे.

भेंडीवर केवडा पडलेला तुम्ही पाहिला असेल. कुणी त्याला हळद्या म्हणतं. आधी पानाच्या शिरा पिवळ्या पडतात, मग अख्खं पान, मग फळं. अशा मालाला बाजारात कुणी हात लावत नाही. रोग विषाणूचा, तो पसरवते पांढरी माशी. झाडाला एकदा लागण झाली की बरं करणारं औषध नाही. एके काळी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा 'पुसा सावनी' हा वाण सगळीकडे लावायचे. सुरुवातीला तो या रोगापुढे टिकला, पुढे टिकेना.

आपलं कृषी विद्यापीठ १९७२ सालचं. तिथल्या शास्त्रज्ञांनी या प्रश्नाला हात घातला. त्यांनी रोगाला दाद न देणारी, भेंडीच्या नात्यातली एक वेगळी जात घेतली आणि तिचा पुसा सावनीशी संकर केला. अशा दूरच्या संकरात अडचणी ठरलेल्या. बी नीट धरत नाही, आणि हव्या त्या गुणाबरोबर नको ते गुणही येतात. म्हणून पुन्हा पुसा सावनीशी संकर, पुन्हा निवड. असं करत आठव्या पिढीपर्यंत गेल्यावर वाण हाती आला. १९८० च्या दशकात तो 'परभणी क्रांती' या नावानं शेतात पोचला.

आता यात आपल्या कामाचं काय? असा वाण निवडताना पीक पैदासकार एक गोष्ट मुद्दाम करतात. रोगाला हमखास बळी पडणाऱ्या वाणाच्या ओळी ते प्रयोगाच्या प्लॉटात मधे मधे लावतात. म्हणजे रोग यावा, भरपूर यावा, आणि कच्चं झाड आत्ताच उघडं पडावं. आपण नेमकं उलटं करतो. येणारा धडा पुन्हा वाचतो, न येणारा उद्यावर ढकलतो. अभ्यासिकेत दहा तास बसल्याचं समाधान असतं, पण सराव परीक्षा द्यायची म्हटलं की पोटात गोळा येतो. अपयश लवकर दिसू द्यायचं नाही, हेच बऱ्याच अपयशांचं मूळ आहे. कच्चेपणा लवकर दिसला, तर दुरुस्तीला वेळ उरतो.

दुसरी गोष्ट. ब्रिटनमधल्या काही मानसशास्त्रज्ञांनी व्यायामाबाबत एक प्रयोग केला. तो २००२ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या गटाला काहीच विशेष सांगितलं नाही. त्यातल्या ३८ टक्के लोकांनी त्या आठवड्यात व्यायाम केला. दुसऱ्या गटाला प्रेरणा देणारी माहिती दिली, तिथं ३५ टक्के. तिसऱ्या गटाला तीच माहिती दिली, पण कुठल्या दिवशी, किती वाजता, कुठं व्यायाम करणार, हे लिहूनही घेतलं. तिथं ९१ टक्के! म्हणजे नुसत्या भाषणानं काही हललं नाही, हे मला इथं उभं राहून कबूल करावं लागतं.

आपण 'जर-तरच्या गोष्टी नकोत' म्हणतो. ध्येयाच्या बाबतीत मात्र जर-तर उपयोगी आहे. 'लाइट गेली तर कुठं बसून वाचीन? पेरणीच्या दिवसांत शेतावर जावं लागलं तर दिवसाचं किमान काम कोणतं?' अडचण येणारच आहे. ती दारात आल्यावर विचार करायला बसलो, की तो दिवस गेला.

आता एक सावधगिरी. 'मनापासून केलं की होतंच' हे वाक्य निम्मं खोटं आहे. आपल्या जिल्ह्यात पाऊस दगा देतो. भरतीच्या जागा थोड्या असतात, अर्ज ढिगानं येतात. पीक गेलेल्या माणसाला किंवा यादीत नाव न आलेल्या पोराला 'तू कमी पडलास' म्हणणं हा अन्याय आहे. किती वर्षं द्यायची आणि नाही जमलं तर दुसरं काय करायचं, हेही आधीच ठरवावं. त्या तारखेला थांबणं म्हणजे हरणं नव्हे.

आणि गाठलेलं ध्येयही कायमचं राहत नाही. परभणी क्रांतीवरही पुढे केवडा दिसू लागला, पैदासकारांना पुन्हा कामाला लागावं लागलं. तरी मधल्या काळात कितीतरी शेतकऱ्यांच्या घरी भेंडीचे पैसे आले.

तेव्हा आज घरी गेल्यावर ध्येय मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावू नका. वहीत तीनच ओळी लिहा: उद्या किती वाजता, कुठं बसून, काय करणार, कोणती अडचण येईल आणि आली तर काय करणार, आणि माझा कच्चेपणा मला दाखवणारी परीक्षा येत्या आठवड्यात कोणत्या दिवशी देणार. तिसरी ओळ लिहिताना हात अडेल. ती आधी लिहा.