साडेतीस मिलिमीटरची करामत

एखाद्या डीएसएलआर कॅमेऱ्याची लेन्स काढून आत डोकावून पाहा. समोर 45 अंशांत तिरका बसवलेला छोटा आरसा दिसेल. लेन्समधून आलेला प्रकाश हा आरसा वर पाठवतो आणि वरचं प्रिझम तो वळवून तुमच्या डोळ्यापर्यंत आणतं. तुम्ही बटण दाबलं, की आरसा फटकन वर जातो, शटर उघडतं, सेन्सरवर प्रकाश पडतो आणि आरसा परत जागेवर येतो. 2020 साली आलेल्या निकॉन डी6 मध्ये ही कवायत सेकंदाला तब्बल 14 वेळा होते!

पण जरा विचार करा. फोटो निघतो त्या क्षणी आरशाला काहीच काम नसतं. उलट त्याला वाटेतून बाजूला व्हावं लागतं. मग तो ठेवायचाच कशाला?

फिल्मच्या काळात याला चोख उत्तर होतं. फिल्म अंधारातच ठेवावी लागे, त्यामुळे तिच्यावर काय उमटणार हे आधी पाहायला आरसा हवाच. डिजिटल सेन्सरचं तसं नाही. समोर काय आहे ते तो सतत बघू शकतो आणि सतत सांगू शकतो. तरीही आरसा आणखी कितीतरी वर्षं टिकून राहिला. 2008 मध्ये पॅनासॉनिकने ल्युमिक्स जी1 आणला. त्याची लेन्स बदलता येत होती, पण आत ना आरसा होता ना प्रिझम. डोळा लावायच्या खिडकीत होता एक चिमुकला स्क्रीन.

आरसा गेला आणि जागा सुटली. किती? निकॉनच्या 1959 पासूनच्या एफ माउंटमध्ये लेन्स जिथे बसते तिथून सेन्सरपर्यंतचं अंतर 46.5 मिलिमीटर. 2018 च्या झेड माउंटमध्ये ते आहे फक्त 16 मिलिमीटर. म्हणजे साडेतीस मिलिमीटर वाचले!

त्याने कॅमेरा सडपातळ झाला, एवढंच नाही. कोकणकड्यासारखं अवाढव्य दृश्य एका चौकटीत घ्यायचं तर 24 मिलिमीटरची वाइड लेन्स लागते. साध्या रचनेत अशी लेन्स सेन्सरपासून साधारण तेवढ्याच अंतरावर बसायला हवी. पण नेमक्या त्याच जागेत आरसा हलत असे! म्हणून पुढे जादा काचा लावून प्रतिमा मागे ढकलावी लागायची. आता मागची काच सेन्सरच्या अगदी जवळ येऊ शकते, आणि वाइड लेन्स लहान करायला वाव मिळतो.

आरशाचं आणखी एक काम होतं. त्याच्या मागे दुसरा बारका आरसा असे. तो थोडा प्रकाश खाली फोकस मोजणाऱ्या यंत्रणेकडे पाठवायचा. आरसे गेल्यावर फोकस कोण करणार? 2013 मध्ये कॅननने यावर झकास तोड काढली: सेन्सरवरच्या प्रत्येक पिक्सेलचे दोन भाग केले. एका भागाला लेन्सच्या डाव्या बाजूचा प्रकाश मिळतो, दुसऱ्याला उजव्या. दोन्हींची चित्रं जुळली की फोकस बरोबर. जुळली नाहीत, तर कोणत्या दिशेला आणि किती सरकायचं हे त्या फरकातूनच कळतं. म्हणजे जो सेन्सर फोटो काढतो, तोच फोकसही मोजतो! गंमत म्हणजे ही युक्ती पहिल्यांदा आली ती 70डी मध्ये, म्हणजे आरसेवाल्याच कॅमेऱ्यात.

मग मिररलेस, म्हणजे बिनआरशाचा कॅमेरा घेतला की ओझं उतरलं? थांबा. सोनीच्या ए7सी 2 या फुल फ्रेम कॅमेऱ्याचं वजन बॅटरी-कार्डासह 514 ग्रॅम आहे. त्याच्यावर 24-70 एफ 2.8 जीएम 2 लावली तर एकट्या लेन्सचेच 695 ग्रॅम होतात. आरसा बॉडीतून गेला, पण लेन्सची काच कुठे जाणार?

आणि काच किती लागणार, हे ठरतं सेन्सरवरून. फुल फ्रेम सेन्सर 36 बाय 24 मिलिमीटरचा, तर मायक्रो फोर थर्ड्स 17.3 बाय 13 चा. दृश्य तेवढंच टिपायचं तर छोट्या सेन्सरला निम्म्या फोकल लेन्थची लेन्स पुरते. आता लाडू आठवा. निम्म्या व्यासाचे वळले, तर एका लाडवाच्या ऐवजात आठ होतात! काचेचा हिशेबही काहीसा असाच आहे. सोनीची 200-600 लेन्स 2115 ग्रॅमची आहे. ऑलिंपसची 75-300 मायक्रो फोर थर्ड्सवर 150-600 इतकं दाखवते, आणि तिचं वजन आहे 423 ग्रॅम. पाचवा हिस्सा!

याची किंमत मोजावी लागतेच. छोट्या सेन्सरचं क्षेत्रफळ फुल फ्रेमच्या जेमतेम पाव. प्रकाशही तेवढाच कमी गोळा होतो आणि अंधारात फोटो दाणेदार दिसू लागतो. पण त्यालाही उपाय निघाला. हरिश्चंद्रगडावर केदारेश्वराच्या गुहेत उभे आहात असं समजा: गार पाण्याने वेढलेलं शिवलिंग, चारांपैकी एकच शाबूत खांब, मिणमिणता उजेड. ट्रायपॉड कोण वर नेणार? 2012 च्या ऑलिंपस ई-एम5 मध्ये सेन्सर चुंबकांच्या जोरावर अधांतरी धरलेला आहे. तुमचा हात कसा थरथरतो हे जायरोस्कोप मोजतो आणि सेन्सर ती थरथर खोडून काढेल असा सरकतो, तेही पाच प्रकारच्या हालचालींसाठी. अशा कॅमेऱ्याने पाव सेकंदाचं एक्स्पोजर हातात धरून जमू शकतं. खांब स्वच्छ येईल. मात्र समोरून चालत जाणारा मित्र पुसटच येणार, कारण यंत्रणा फक्त तुमची थरथर सावरते.

आणखी एक गोष्ट. मिररलेसमध्ये सेन्सर आणि स्क्रीन सतत जागे असतात, त्यामुळे बॅटरी भराभर उतरते. ठरावीक चाचणीनुसार निकॉनचा आरसेवाला डी850 एका चार्जमध्ये 1840 फोटो काढतो, मिररलेस झेड50 सुमारे 300. दोन जादा बॅटऱ्यांचं वजन हिशेबात धराच.

आता निवड सोपी होते. उलट्या क्रमाने चला: आधी काय टिपायचंय, मग लेन्स, मग सेन्सर, बॉडी सगळ्यात शेवटी. घरच्यांचे, गल्लीबोळांचे, डोंगरांचे फोटो दिवसाउजेडी काढायचे असतील, तर मधल्या मापाचा एपीएस-सी सेन्सर पुरेसा आहे. कॅनन आर50 आणि 18-45 लेन्स मिळून साधारण अर्धा किलो होतात. पावसाळी भटकंती आणि पक्षी यांचं वेड असेल तर मायक्रो फोर थर्ड्स घ्या. त्यातल्या 414 ग्रॅमच्या ओएम-5 या कॅमेऱ्याला पावसाचे शिंतोडे चालतात, फक्त लेन्सही तशीच घ्या. रात्रीच्या आकाशाचं वेड असेल तर फुल फ्रेम, पण एकाच छोट्या लेन्ससह.

आणि दुकानात जाल तेव्हा नुसती बॉडी उचलून ‘किती हलका!’ म्हणू नका. हवी ती लेन्स आणि बॅटरी लावून कॅमेरा गळ्यात अडकवा, दहा मिनिटं दुकानात फिरा. मान कुरकुरली, तर गडावर जाताना तो घरच्या कपाटातच राहणार, हे नक्की समजा.