मेणाचा पाय, लोखंडाचा त्रिशूळ

मेणाचा पाय मी पहिल्यांदा हातात घेतला तो पोर्तुगालमधल्या फातिमा नावाच्या गावात. गुडघ्यापासून खालचा, पिवळसर, वजनाला हलका. दुकानात शेजारीच मेणाचे हात होते, डोकी होती, एक अख्खं तान्हं बाळही होतं! मी भंडाऱ्याचा माणूस, पितळी भांड्यांच्या गावचा. धातूला नाना आकार येताना पाहत लहानाचा मोठा झालो. पण दुखऱ्या अवयवांची अशी मांडामांड कधी पाहिली नव्हती.

मुलगी नोकरीनिमित्त लिस्बनला असते. २०२३ च्या मे महिन्यात आम्ही दोघं तिच्याकडे गेलो होतो. ‘‘बाबा, बारा-तेरा तारखेला फातिमाची यात्रा आहे. येता का?’’ तिनं विचारलं. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलेला मी. जत्रा-यात्रांपासून चार हात दूर राहणारा. पण सौभाग्यवतींनी पिशवी भरायला घेतली आणि प्रश्न मिटला!

फातिमा लिस्बनच्या उत्तरेला सव्वाशे किलोमीटरवर. वाटेत रस्त्याच्या कडेनं चालणाऱ्यांच्या रांगा दिसत होत्या. अंगात चकाकणारी जाकिटं, हातात काठ्या, पाय सुजलेले. शेगावला पायी निघालेल्या वारकऱ्यांची आठवण झाली. आपल्याकडे वाटेवरचे गावकरी वारकऱ्यांचे पाय चेपून देतात. इथं मंदिराच्या आवारात स्वयंसेवक यात्रेकरूंचे पाय धुऊन फोडांना मलमपट्टी करतात. पाय सगळीकडे सारखेच दुखतात, म्हणायचं!

या तीर्थाची कथा शंभर वर्षांपलीकडची. १९१७ साल. महायुद्ध पेटलेलं, पोर्तुगालची पोरं आघाडीवर मरत होती. १३ मे रोजी लुसिया, फ्रान्सिस्को आणि जासिंता ही तीन आते-मामे भावंडं इथल्या माळावर मेंढ्या चारत होती. थोरली लुसिया दहा वर्षांची, धाकटी जासिंता सातची. एका झुडपावर आपल्याला तेजस्वी स्त्री दिसली, असं मुलांनी घरी सांगितलं. ऑक्टोबरपर्यंत ती दर महिन्याला दिसत राहिली, असं त्यांचं म्हणणं. १३ ऑक्टोबरला हजारो लोक भर पावसात जमले आणि सूर्य नाचताना पाहिला, असं त्यांच्यातल्या अनेकांनी सांगितलं. माझ्यातला मास्तर इथं अर्थातच भुवया उंचावतो. पण पुढची हकीगत कुणालाही गप्प करणारी आहे. इन्फ्लुएंझाच्या साथीनं फ्रान्सिस्को १९१९ मध्ये गेला, जासिंता १९२० मध्ये. लुसिया जोगीण झाली आणि २००५ पर्यंत जगली. धाकट्या दोघांना पोपनी १३ मे २०१७ रोजी संतपद दिलं. आणि गावाचं नाव? फातिमा! मूर लोकांच्या राज्याची ही खूण. ख्रिस्ती माउलीच्या तीर्थाला पैगंबरांच्या मुलीचं नाव, आणि कुणालाही त्याचं वावगं वाटत नाही.

बारा तारखेच्या रात्री त्या विस्तीर्ण पटांगणात नजर पोचेल तिथवर मेणबत्त्या होत्या. जपाचा घोष वेगवेगळ्या भाषांत चालला होता. फुलांनी मढवलेली मूर्ती गर्दीतून निघाली. १९८१ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांच्यावर गोळी झाडली गेली, तीही १३ मे रोजीच. त्यातली एक गोळी या मूर्तीच्या मुकुटात बसवली आहे.

पण माझी नजर खिळली ती पटांगणातल्या उतरत्या संगमरवरी वाटेवर. नवस बोललेले लोक त्या वाटेनं गुडघ्यांवर चालत देवळाकडे जातात. साठीतली एक बाई अशीच निघाली होती. तिच्याशेजारी तिचा मुलगा वाकून, तिचा हात धरून, पावलाला पाऊल जुळवत चालला होता. त्याच्या चेहऱ्यावर भक्ती दिसत नव्हती. दिसत होती फक्त आईची काळजी.

मला माझी माय आठवली.

सहा वर्षांचा असताना मला मोठा ताप आला. ताप उतरला, पण डावा पाय जमिनीवर टेकेना. डॉक्टरांची औषधं, तेलाची मालिश, सगळं चाललं होतं. मायनं मोठ्या महादेवाला नवस बोलला, ‘पोरगं चाललं तर त्रिशूळ घेऊन चौरागड चढीन.’ पचमढीजवळचा हा डोंगर आपल्या विदर्भातल्या घराघरांत ठाऊक आहे. महाशिवरात्रीला खांद्यावर त्रिशूळ घेऊन माणसं हजारांहून अधिक पायऱ्या चढतात. काही महिन्यांनी मी चालू लागलो. लोहाराकडून त्रिशूळ करवून आणला. पण त्या वर्षी धान बुडालं, पुढच्या वर्षी बहिणीचं लग्न निघालं. त्रिशूळ दाराआड उभा राहिला.

पुढं मी कमावता झालो. माय दर महाशिवरात्रीला विचारायची, ‘‘औंदा जाऊ का रे बापू?’’ मी म्हणायचो, ‘‘औषधानं बरा झालो मी. महादेवाचा काय संबंध?’’ देवाचं देणं ठेवू नये, एवढंच ती म्हणायची. मग तिचे गुडघे गेले आणि विचारणंही थांबलं. १९९८ मध्ये ती गेली. माझं शास्त्र खरं होतं. पण तिच्याबरोबर चालायला शास्त्र कुठं आड येत होतं?

मेणाचा पाय हातात घेऊन मी उभाच होतो. इतक्यात मागून आवाज आला, ‘‘मराठी बोलत होता ना तुम्ही?’’ वसईचं जोडपं होतं. वसईवर पोर्तुगिजांनी राज्य केलं ते १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेईपर्यंत. ते राज्य गेलं, धर्म राहिला, आणि मराठीही राहिली. मावशी सांगू लागल्या, ‘‘आमच्या वांद्र्याच्या मोत माउलीलाही असेच मेणाचे हातपाय वाहतात. सप्टेंबरात जत्रा असते. तिथं सगळ्या धर्मांची माणसं येतात.’’

का कोण जाणे, त्या परक्या बाईंना मी मायच्या नवसाची गोष्ट सांगितली. हा पाय इथं वाहिला तर चालेल का, असंही विचारलं. त्या क्षणभर थांबल्या. म्हणाल्या, ‘‘वाहा ना, माउली कुणाला नाही म्हणत नाही. पण भाऊ, देणं ज्याचं आहे त्यालाच दिलेलं बरं. आणि तुमचं देणं देवाचं नाही, आईचं आहे.’’

मी पाय जागेवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी मूर्ती परत देवळात निघाली, तेव्हा सगळ्या पटांगणानं पांढरे रुमाल हलवून तिला निरोप दिला. सौभाग्यवतींनी पदर हलवला. माझ्या खिशातला रुमाल कधी बाहेर आला, मला कळलं नाही.

८ मार्च २०२४ ला महाशिवरात्र होती. दाराआडचा त्रिशूळ गंज काढून खांद्यावर घेतला आणि सदुसष्टीला टेकलेला मी चौरागड चढलो. डावा पाय ठणकत होता. वर आधीच्या त्रिशुळांची दाटी होती, त्यातच आमचाही उभा केला. नवस फिटला का? मला सांगता येणार नाही. नवसावर माझा आजही विश्वास नाही. उतरताना एक म्हातारी पायरीवर बसली होती, तिचा मुलगा पुढं निघून गेलेला. मी हात पुढं केला. तो धरून ती उठली आणि आम्ही सावकाश, पावलाला पाऊल जुळवत, खाली आलो.